उड्या, झोप आणि वासराची हाडं

शेपटी उभारून उधळणारं वासरू पाहिलं की माझं लक्ष त्याच्या पायांतल्या हाडांकडे जातं. प्रत्येक उडीला ती हाडं अगदी किंचित वाकतात, पुन्हा सरळ होतात, आणि कुठे जाड व्हायचं, कुठे बारीक राहायचं हे त्या वाकण्यावर ठरत जातं. या विषयाचा मला जुना नाद आहे. गोंदियाजवळच्या नागऱ्याला पुरातन शिवमंदिर पाहायला गेलो, तरी माझा निम्मा वेळ गावातल्या गोठ्यांत जातो.

शास्त्राची पार्श्वभूमी एका दमात सांगून टाकतो. लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. तिथल्या पेशी थरावर थर रचतात, मागचे थर चुना धरून हाड होतात आणि वाढ पुरी झाली की चकतीही हाडात विरते. स्टीफन हेल्स यांनी १७२७ साली कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या नळीला अर्ध्या इंचावर दोन खुणा केल्या. दोन महिन्यांत नळी इंचभर वाढली, खुणांतलं अंतर मात्र तेवढंच राहिलं. म्हणजे वाढ टोकांशी होते. चकतीवर सतत जास्त दाब पडला तर वाढ मंदावते, हे १८६२ मध्ये ह्युटर आणि फोल्कमान यांनी मांडलं. हाड भाराप्रमाणे आपली घडण बदलतं, हे युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये सांगितलं. चारा, दूध, ऊन आणि वंश यांचाही वाढीत वाटा मोठा आहेच.

आता माझ्या आवडीच्या गोष्टी. पहिली एका बकरीची. डच शास्त्रज्ञ स्लाइपर यांनी १९४२ मध्ये तिचं वर्णन केलं. जन्मतःच पुढचे पाय निकामी असलेलं हे करडू मागच्या दोन पायांवर उड्या मारत फिरायला शिकलं. साधारण वर्षभराचं असताना ते अपघातात गेलं. चिरफाड केली तेव्हा मागच्या पायांची हाडं, कंबरेचं हाड, छातीचा पिंजरा, सगळ्यांची ठेवण चार पायांवर चालणाऱ्या बकरीपेक्षा वेगळी निघाली. आईबापांकडून आलेला आराखडा बकरीचाच होता, पण भार वेगळ्या वाटेने गेला आणि हाडं त्या वाटेने घडली. अंड्यातल्या पिलाचंही तसंच. १९६६ मध्ये ड्राखमन आणि सोकोलॉफ यांनी अंड्यातच पिलांची हालचाल औषधाने थांबवली, तर त्यांचे सांधे नीट तयारच झाले नाहीत.

दुसरी गोष्ट मेंढीच्या कोकरांची, आणि ती मी भेटेल त्याला सांगतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी कोकरांच्या पायाच्या नळीवर बारीक मापक बसवले आणि काही आठवडे, दर काही मिनिटांनी, हाडाची लांबी नोंदवली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : लांबीतली किमान ९० टक्के वाढ कोकरू आडवं पडलेलं असताना झाली. उभं असताना, चालताना ती जवळपास थांबलेली! उभं राहिलं की चकतीवर अंगाचा भार येतो. आडवं झालं की चकती मोकळी होते. धावण्याने हाड दणकट होतं आणि निजण्याने लांब होतं. पिलाला दोन्ही हवं.

भार किती हवा, याचंही एक सुंदर उत्तर आहे. रुबिन आणि लॅनियन यांनी १९८४ मध्ये वाढ पुरी झालेल्या कोंबड्याच्या पंखातल्या हाडावर प्रयोग केले. दिवसाला ३६ वेळा भार देऊन सोडला तेवढ्याने हाड भरलं; १८०० वेळा दिला तरी त्याहून जास्त फायदा झाला नाही. एकसारखा ठेवलेला दाब तर कामाचाच नाही. मला यात वासराचा दिनक्रम दिसतो : थोडा वेळ उधळायचं, मग आईशेजारी पाय दुमडून पडायचं.

नागऱ्यात एका वयस्कर शेतकऱ्याला मी त्याच्या गोऱ्ह्याबद्दल विचारलं. “याले आताच नाही जुपत जी. चार दात होऊ द्या,” तो म्हणाला. मला हे शहाणपण फार मोलाचं वाटतं. गोऱ्हा दोन कायमच्या दातांचा होतो त्या सुमारास, म्हणजे दोन-अडीच वर्षांचा असताना, खुराच्या वरच्या नळीची चकती मिटत असते. पण पुढच्या पायात गुडघ्याच्या लगेच वर असलेली चकती साडेतीन ते चार वर्षांपर्यंत उघडीच असते. पुरातत्त्वज्ञ जनावराचं मरतेवेळचं वय काढताना हाच हिशोब वापरतात. उत्खननात मिळालेल्या हाडाचं टोक जोडलेलं आहे की सुटं, हे ते पाहतात. धानाच्या बांधीतली चिखलणी तर बैलाची कसोटीच. प्रत्येक पाऊल चिखलातून उपसायचं, वर जुवाचा भार. उघड्या चकतीच्या पायांना हे काम देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तरण्या गोऱ्ह्याला शंकरपटासाठी, म्हणजे बैलांच्या शर्यतीसाठी, घाईने पळवण्यालाही माझा विरोध आहे.

आखूड दाव्याला दिवसभर बांधलेलं वासरूही तितकंच नाडलं जातं. त्याला उडी मिळत नाही आणि ओल्या, निसरड्या जमिनीवर धड निजताही येत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण हळद-तुपाने बैलाचे खांदे शेकतो. ती कृतज्ञता खरी आहे, पण तिची सुरुवात वासरापासून व्हायला हवी. रोज घटकाभर मोकळं सोडणं, पसरायला कोरडी जागा देणं आणि निदान चार दात येईपर्यंत जू दूर ठेवणं, एवढं प्रत्येक गोठ्याला जमण्यासारखं आहे.