आभार मुलाचे, शब्दही मुलाचेच!

ठाणे, प्रतिनिधी

वाढदिवस वा पुण्यतिथीनिमित्त विशेष शाळेतील मुलांना खाऊ, वह्या, खेळणी देण्याची प्रथा आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. अशा भेटीनंतर दात्याला आभारपत्र जाते. परंतु मजकूर फळ्यावरून उतरवलेला आणि मुलाचे केवळ नाव, असे ते पत्र असेल तर त्यातून मूल फारसे काही शिकत नाही. ठाणे महापालिकेची 'जिद्द' असो, डोंबिवलीची 'अस्तित्व' असो वा विशेष विद्यार्थ्यांना सामावून घेणारी सर्वसाधारण शाळा, आभारपत्राचा पाठ अक्षरांपासून नव्हे, तर अर्थापासून सुरू व्हायला हवा.

पत्राला तीन प्रश्नांची उत्तरे पुरतात : कोणी दिले, काय दिले आणि त्याचे मी काय केले? बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या मुलाला 'कृतज्ञता' ही अमूर्त कल्पना कळणे अवघड जाऊ शकते. समोरचा चेंडू आणि तो देणाऱ्याचे छायाचित्र मात्र ओळखीचे वाटते. आधी तोंडी उत्तर, मग चित्र, त्यानंतर रिकाम्या जागा भरण्याची वाक्ये आणि शेवटी स्वतंत्र वाक्य, अशा क्रमाने मदत हळूहळू कमी करावी.

शब्दांची निवडही महत्त्वाची. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाचा 'ध' आणि 'घ' यांत गोंधळ होऊ शकतो. त्यातच 'धन्यवाद'मध्ये जोडाक्षर येते. त्यापेक्षा 'आभार' सोपा. 'स.न.वि.वि.'ऐवजी 'काका', 'ताई' एवढा मायनाही पुरतो.

हाताची पकड कमकुवत असलेल्या मुलाने सांगावे आणि शिक्षकांनी ते जसेच्या तसे लिहून घ्यावे. अंध मूल ब्रेलमध्ये लिहील, कर्णबधिर मूल आधी सांकेतिक भाषेत सांगेल. अंध व कर्णबधिर विद्यार्थ्यांना त्यांच्यासाठी योग्य भाषा आणि माध्यमांतून शिक्षण मिळावे, ही जबाबदारी २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शाळांवर टाकलीच आहे.

पत्ता लिहिणे हाही व्यवहाराचा धडा आहे. कल्याणचा पिनकोड ४२१३०१, तर डोंबिवलीचा ४२१२०१. एका अंकाने गाव बदलते, हे मुलाला येथे उमगते. पत्र पेटीतही त्यानेच टाकावे.

आणि पत्र केवळ दात्यालाच कशासाठी? शाळेत सोडणारे रिक्षावाले काका, डबा उघडून देणाऱ्या मावशी, खेळात सामील करून घेणारा शेजारचा मित्र यांतून कोणाचे आभार मानायचे, ते मुलालाच ठरवू द्यावे. सतत मदत घेणारा म्हणूनच ज्याच्याकडे पाहिले जाते, त्याच्या हातून कोणाला तरी काही दिले जाण्याची ही संधी आहे. चार वाक्यांच्या पत्राचे मोल त्यातच आहे.