विश्लेषण : कुत्र्याला घेऊन कोकणात जाताय? कॉटेज ठरवण्याआधी काय विचाराल?

सलग सुट्ट्या लागल्या की सातारा, सांगलीच्या गाड्या घाट उतरून कोकणाकडे निघतात. आता अनेकांसोबत घरचा कुत्राही असतो. किनाऱ्यालगतच्या काही कॉटेज आणि होमस्टेच्या जाहिरातींत ‘पेट फ्रेंडली’ असे लिहिलेले दिसते. पण तेवढ्यावर बुकिंग करणे पुरेसे नाही.

‘पेट फ्रेंडली’ म्हणजे नेमके काय?

या शब्दांची ठरलेली व्याख्या नाही. कुठे कुत्रा खोलीत चालतो, कुठे फक्त व्हरांड्यात, तर कुठे अंगणात बांधून ठेवावा लागतो. लहान कुत्रा चालेल, लॅब्रेडॉर नको, असेही ऐकायला मिळते. त्यामुळे कुत्र्याची जात, वजन आणि वय आधीच सांगावे. जादा भाडे किती, हेही मेसेजवर लिहून घ्यावे.

रात्री कुत्रा कुठे झोपणार, हे महत्त्वाचे का?

कारण बिबट्या. कोकणात नारळी-पोफळीच्या बागा आणि जंगल घरांना लागूनच असते. बिबट्या विहिरीत पडल्याच्या बातम्या रत्नागिरी जिल्ह्यातून वरचेवर येतात. कुत्रा हे त्याचे सोपे भक्ष्य. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात झालेल्या अभ्यासात, बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा आढळला होता. साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. म्हणून ‘रात्री बाहेर बांधा’ असे सांगणारी जागा स्वस्त असली तरी टाळावी. अंधार पडल्यावर फिरवताना दोरी आणि बॅटरी हवीच.

किनाऱ्यावर मोकळे सोडले तर काय बिघडते?

रत्नागिरी जिल्ह्यात वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा काळ. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात आणि पिल्ले बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. वासावरून कुत्रा वाळू उकरतो आणि घरटे उद्ध्वस्त होते. वेळासमध्ये २००२पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने संवर्धन उभे केले. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यामुळे हंगामात, विशेषतः रात्री आणि पहाटे, कुत्र्याला किनाऱ्यावर मोकळे सोडू नये. जाळी लावलेल्या हॅचरीपासूनही दूर ठेवावे.

प्रवास कसा करावा?

सातारा, सांगलीहून कोकण किनाऱ्याकडे थेट रेल्वेमार्ग नाही, त्यामुळे स्वतःची गाडी सोयीची. सातारकरांना उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूणमार्गे गुहागर गाठता येते. विटा, कराड भागातून येणाऱ्यांना गुहागर-विजापूर महामार्ग आहे. सांगलीकरांना कोल्हापूर, आंबा घाटातून रत्नागिरी, गणपतीपुळे जवळ. वळणांमुळे कुत्र्याला उलटी होऊ शकते. निघण्यापूर्वी तीन-चार तास पोटभर खायला देऊ नये, पाणी मात्र द्यावे. घाटात थांबल्यावर दोरी न सोडता फिरवावे. तिथे माकडे आणि वाहने दोन्ही असतात. बंद गाडीत एकटे ठेवणे उन्हाळ्यात जिवावर बेतू शकते.

तब्येतीची कोणती काळजी घ्यावी?

रेबीजची लस मुदतीत असावी. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, त्यामुळे पावसाळ्यात जाताना लेप्टोच्या लसीबाबत महिनाभर आधी पशुवैद्यकांशी बोलावे. खारे पाणी प्यायल्याने उलट्या, जुलाब होतात, म्हणून गोडे पाणी सोबत ठेवावे. वाळूवर हाताचा मागचा भाग पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्याचे पायही भाजतील. किनाऱ्यावर पडलेले मासे आणि जेलीफिश यांना तोंड लावू देऊ नये. परतल्यावर गोड्या पाण्याने अंघोळ घालून कान आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहे का, ते पाहावे.

बुकिंगच्या फोनवर काय विचाराल?

- रात्री कुत्रा खोलीत झोपू शकतो का?
- आवाराला पूर्ण कुंपण आणि बंद होणारे फाटक आहे का?
- मालकाचे किंवा वाडीतले मोकळे कुत्रे आवारात येतात का?
- किनाऱ्यावर सध्या कासवांची घरटी आहेत का?
- सर्वांत जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कुठे आणि सुट्टीच्या दिवशी उघडा असतो का?

या पाच प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली, तर ती जागा खरोखर कुत्र्यासाठी तयार आहे असे समजावे. ‘या हो, बघू तिथे’ असे उत्तर आले, तर दुसरी जागा शोधावी.