मुरलेली तंबाखू

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले ते कवळीची तक्रार घेऊन. "डॉक्टर, कवळी जिभेला लागतेय. दातवाले गावाला गेलेत. ते येईपर्यंत एखादं मलम द्या." हे गृहस्थ म्हणजे आमच्या गावचे चीफसाहेब. (त्यांच्या परवानगीनेच लिहितो आहे, ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.) बोटीवर चीफ इंजिनियर म्हणून तीस वर्षे काढून ते २००८ साली कायमचे घरी आले. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात बोटीवर नोकरी केलेला माणूस नाही असे गाव शोधावेच लागेल, त्यामुळे असे चीफसाहेब वाचकांच्याही ओळखीत असतील.

कवळी काढून तोंड उघडायला सांगितले. टाळू पांढरट, करडा, उन्हाने भेगाळलेल्या शेतासारखा दिसत होता आणि त्यावर मोहरीएवढे लाल ठिपके होते. असा टाळू पाईप ओढणाऱ्याचा. वर्षानुवर्षे गरम धूर लागून तिथली कातडी जाड होते आणि लाळेच्या बारीक ग्रंथींची तोंडे सुजून लाल दिसतात. दिसायला भयंकर, पण साध्या पाईपवाल्यांत त्याचा कर्करोग सहसा होत नाही. (आंध्रच्या किनाऱ्यावर काही बायका चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढतात, त्यांच्या टाळूची गोष्ट वेगळी. तिथे धोका फार मोठा.) मला काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. जिभेच्या डाव्या कडेला, खालच्या अंगाला, नखाएवढा पांढरा चट्टा होता. गॉझने पुसून पाहिला, निघेना.

आता माझी कबुली. चौदा वर्षे ते माझ्याकडे येत होते. केसपेपरवर रक्तदाब आहे, साखर आहे, गुडघे आहेत, आणि 'व्यसन' या शब्दापुढे माझ्याच अक्षरात 'नाही' असे लिहिलेले आहे! पहिल्या दिवशी मी विचारले होते, "विडी, सिगारेट?" ते म्हणाले, "छे!" मी लिहून मोकळा झालो. वास्तविक त्यांच्या ओटीवर मी कितीतरी संध्याकाळी बसलेलो आहे. त्या धुराला सुक्या अंजिराचा, थोडासा गुळाचा वास येई आणि खरे सांगतो, मला तो आवडायचा. चौदा वर्षांत मी त्यांना एकदाही 'आ करा' म्हटले नव्हते.

चट्ट्याबद्दल बोललो तेव्हा ते हसले. "डॉक्टर, मी धूर गिळत नाही. आणि माझी तंबाखू बाजारातली नव्हे. तीस-तीस वर्षं मुरलेली आहे. तिच्यात जहर उरलंय कुठे? या संध्याकाळी, दाखवतो."

गेलो. सागवानी कपाट उघडले, तर आत चपटे, गोल पत्र्याचे डबे रचून ठेवलेले. रॉटरडॅम, अँटवर्प, लिव्हरपूल अशा बंदरांत प्रत्येक सफरीला दोन-चार डबे घ्यायचे, एक ओढायचा आणि बाकीचे ठेवून द्यायचे, असा त्यांचा तीस वर्षांचा रिवाज. प्रत्येक डब्याची नोंद वहीत केलेली: बंदर, तारीख, किंमत. हे वेड त्यांच्या एकट्याचे नाही. इंग्लंड-अमेरिकेत जुनी तंबाखू जमवणारे शौकीन पुष्कळ आहेत. डनहिलसारख्या जुन्या नावाने निघणारी पाईपची तंबाखू बंद झाल्यावर तर न उघडलेल्या डब्यांना मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव येऊ लागला. डबा लंडनच्या काळातला, बेलफास्टचा की डेन्मार्कचा, यावर ही मंडळी तासन्‌तास बोलू शकतात. चीफसाहेबही बोलले. मी ऐकत राहिलो, कारण माहिती खरोखरच रंजक होती.

व्हर्जिनिया जातीच्या पानात साखर जास्त असते. दाबून बंद डब्यात ठेवले, की ती साखर आणि पानातली इतर द्रव्ये यांच्यात सावकाश घडामोडी होतात, थोडे आंबणेही होते. पान पिवळ्याचे तपकिरी, मग काळसर होते. कधी आत वायू साठून डबा फुगतो. जिभेला होणारी चुरचुर कमी होते आणि गोडसर चव येते. लाटाकिया ही लाकडाच्या धुरावर सुकवलेली तंबाखू सिरियातल्या बंदराच्या नावाने ओळखली जाते, पुढे ती सायप्रसमध्ये होऊ लागली. जुनी झाली की तिचा धुरकटपणा उतरतो. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या सेंट जेम्स परगण्यात पेरिक नावाची तंबाखू करतात. ती तर मुळातच पिंपात दाबून, वर्षभर आंबवून काढतात. "लोणचं मुरतं तसं," चीफसाहेब म्हणाले. कपाटाच्या खालच्याच कप्प्यात काकूंच्या बरण्या होत्या, त्यामुळे उपमा अगदी हाताशी होती.

तिथेच घोळ आहे. मुरण्याने चव बदलते हे मान्य. पण निकोटिन बव्हंशी आहे तिथेच राहते. कर्करोगाला कारण होणारी नायट्रोसमाइन नावाची द्रव्ये पान सुकवताना, आंबवताना तयार होतात, आणि उबदार, दमट जागी साठवलेल्या तंबाखूत ती वाढतात असे आढळले आहे. आपल्या कोकणातल्या हवेबद्दल वेगळे सांगायला नको. शिवाय पान तीन महिन्यांचे असो की तीस वर्षांचे, पेटवल्यावर डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड निघतेच. डांबर हे पान जळण्यातून येते, त्याला पानाचे वय ठाऊक नसते.

मुरण्याने खरोखर कमी होते ती चुरचुर. माझ्या मते हाच सगळ्यात वाईट भाग आहे. कच्ची तंबाखू जिभेला चावते, म्हणून माणूस पाईप खाली ठेवतो. मुरलेली चावत नाही. चीफसाहेब एका संध्याकाळी तीन-तीन पाईप भरत. एका पाईपमध्ये दोन-तीन ग्रॅम तंबाखू मावते, सिगारेटमध्ये एक ग्रॅमही नसते. तासभर तो धूर तोंडात घोळवायचा आणि म्हणायचे, मी गिळत नाही! गिळत नाही म्हणूनच तर तो जीभ, ओठ, टाळू आणि घशाशी रेंगाळतो. ओठाच्या कर्करोगाचा पाईपशी संबंध सॉमरिंग या जर्मन वैद्याने १७९५ साली नोंदवला होता. अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय अहवालाने १९६४ साली त्याला दुजोरा दिला.

फुप्फुसेही सुटत नाहीत. १९८२ पासून १८ वर्षे एक लाख अडतीस हजार अमेरिकन पुरुषांवर लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आयुष्यात फक्त पाईप ओढणारे आणि काहीच न ओढणारे यांची तुलना होती. पाईपवाल्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यूचा धोका पाचपट आणि स्वरयंत्राच्या कर्करोगाने तेरापट निघाला. सिगारेटपेक्षा पाईपचा एकंदर धोका कमी, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते मी चीफसाहेबांपासून लपवले नाही. पण चौथ्या मजल्यावरून पडण्यापेक्षा दुसऱ्या मजल्यावरून पडणे बरे, असे कोणी म्हणते का?

वाचक म्हणतील, आमच्याकडे पाईप कोण ओढतो? खरे आहे. पण "आमची मिश्री घरची भाजलेली, शुद्ध आहे" हे मी रोज ऐकतो. "मी विडी नुसती ओढतो, धूर आत घेत नाही" हेही ऐकतो. माल भारी असला की अपाय हलका, हा समज कपाटातही असतो आणि चंचीतही.

चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला. दहा दिवसांनी अहवाल आला. कर्करोग नव्हता, पण पेशी मध्यम स्वरूपात बिघडलेल्या होत्या, म्हणजे गाडी त्याच रस्त्याला लागली होती. शस्त्रक्रिया करून चट्टा काढला. ते दहा दिवस काकू कशा वागल्या ते मी पाहिले आहे. दवाखान्यात येऊन बाकावर बसायच्या, काही विचारायच्या नाहीत, थोड्या वेळाने उठून जायच्या.

सोडणे सोपे गेले नाही. तोंडात जखम असल्याने निकोटिनच्या च्युइंगमऐवजी कातडीला लावायच्या पट्ट्या दिल्या. संध्याकाळी सहा वाजले की हात चाळा मागे, तेव्हा रिकामा पाईप हातात धरून बसत. सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. तिथे फोन करा म्हटल्यावर आधी कुरकुर केली, मग दोनदा केला आणि मला न सांगता तिसऱ्यांदाही केला. दोन महिन्यांत टाळू गुलाबी झाला.

घरी तपासायचे असेल तर दिवसाच्या उजेडात आरशासमोर उभे राहा. कवळी असेल तर काढा. जीभ स्वच्छ फडक्याने धरून दोन्ही बाजूंना ओढून कडा पाहा, जीभ वर करून खालचा भाग पाहा, गालांची आतली बाजू पाहा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, बसलेला आवाज, मानेतली गाठ, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर दुखत नाही म्हणून थांबू नका. चीफसाहेबांचा चट्टा कधीच दुखला नाही. दुखत होती ती कवळी.

डब्यांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. बोटीवरच्या एका जुन्या मित्राने चांगली किंमत देऊ केली. "विकू का?" त्यांनी मला विचारले. मी म्हटले, "विकलेत तर दुसऱ्या कोणाच्या तरी जिभेवर जाणार." "मग काय खाडीत टाकू?" यावर मला उत्तर सुचले नाही. यंदाच्या मे महिन्यात दोन डबे फुगले, तेव्हा त्यांनी कपाटाची किल्ली काकूंकडे दिली. काकूंनी यंदाच्या लोणच्यासाठी मधला कप्पाही मागून घेतला. वरच्या कप्प्यात एक्केचाळीस डबे अजून आहेत.

दर तीन महिन्यांनी ते तपासणीला येतात. परवा आले, तेव्हा मी केसपेपर शोधेपर्यंत त्यांनी कवळी काढून रुमालात गुंडाळली होती आणि बॅटरीसमोर आ करून बसले होते.