मैदानाच्या कडेचा डॉक्टर

खेळाडूंचा डॉक्टर म्हटले की गुडघ्यावर शस्त्रक्रिया करणारा अस्थिरोगतज्ज्ञ डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात खेळताना होणाऱ्या बहुतेक दुखापतींना शस्त्रक्रिया लागतच नाही. घोटा मुरगळतो, स्नायू ताणला जातो, डोक्याला मार बसतो, उन्हात धावताना भोवळ येते. अशा वेळी गरज असते ती अचूक निदानाची आणि योग्य निर्णयाची. हे कोणी करायचे? अमेरिकेत यावर एक उत्तर शोधले गेले : फॅमिली डॉक्टरलाच क्रीडावैद्यकाचे खास शिक्षण द्यायचे.

तेथे वैद्यकीय पदवीनंतर फॅमिली डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ किंवा सामान्य वैद्यकाचा तज्ज्ञ होण्यासाठी सुमारे तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून काम करावे लागते. त्यानंतर ज्याला क्रीडावैद्यकाकडे वळायचे आहे, तो आणखी एक वर्षाची फेलोशिप घेतो. या विषयाच्या प्रमाणपत्राची पहिली परीक्षा १९९३ साली झाली. फेलोशिपच्या वर्षात तो दवाखान्यात खेळाडूंना तपासतो, सांध्यांची सोनोग्राफी शिकतो, शाळा-महाविद्यालयांच्या संघांबरोबर सामन्यांना हजर राहतो आणि मॅरेथॉनच्या वैद्यकीय तंबूत उभा राहतो. हे सारे अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालते.

या वर्षात तो शिकतो काय? एका वाक्यात सांगायचे तर, कोठे थांबायचे आणि कोठे थांबवायचे हे.

साधे उदाहरण मुरगळलेल्या घोट्याचे घेऊ. पूर्वी अशा जवळजवळ प्रत्येक रुग्णाचा एक्स-रे काढला जाई; हाड मात्र थोड्यांचेच मोडलेले असे. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी नियम मांडले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यास हाड दुखत नसेल आणि रुग्ण लंगडत का होईना, चार पावले टाकू शकत असेल, तर घोट्याच्या एक्स-रेची सहसा गरज नसते. बोटांनी केलेली नीट तपासणी येथे यंत्राचे काम वाचवते.

मॅरेथॉनच्या तंबूतला प्रश्न याहून कठीण असतो. दोन धावपटू कोसळून आत आणले जातात. दोघेही गोंधळलेले, दोघांनाही उलट्या होत आहेत. एकाला उष्माघात झाला आहे. त्याच्या शरीराच्या आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले आहे. त्याला ताबडतोब बर्फाच्या पाण्यात बुडवून अर्ध्या तासाच्या आत थंड केले पाहिजे. येथे नियम असा की आधी थंड करायचे, मग रुग्णालयात न्यायचे. दुसऱ्याने मात्र वाटेत गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायले आहे. त्यामुळे रक्तातील सोडियम विरळ होऊन त्याच्या मेंदूला सूज येऊ लागली आहे. त्याला आणखी पाणी पाजणे जिवावर बेतू शकते. त्याला शिरेतून तीव्र क्षारद्रावण द्यावे लागते. बॉस्टन येथे २००२ सालच्या मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा त्यांपैकी १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळले. दोघांमधला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. गुदद्वारातून घेतलेले तापमान आणि रक्ताची झटपट चाचणी तो दाखवतात.

सर्वांत अवघड निर्णय असतो खेळाडूला मैदानाबाहेर ठेवण्याचा. प्रशिक्षकाला तो हवा असतो, प्रेक्षक ओरडत असतात आणि खेळाडू स्वतः ‘मला काही झालेले नाही’ असे सांगत असतो. पण धक्का बसलेला मेंदू सावरण्यापूर्वी दुसरा मार बसला तर, क्वचित का होईना, मेंदूला प्राणघातक सूज येऊ शकते. वॉशिंग्टन राज्यात २००६ साली डोक्याला मार लागलेला १३ वर्षांचा एक मुलगा त्याच फुटबॉल सामन्यात पुन्हा उतरला आणि मेंदूतील रक्तस्रावामुळे त्याला कायमचे अपंगत्व आले. त्यानंतर २००९ मध्ये त्या राज्याने कायदा केला : असा संशय येताच मुलाला खेळातून बाहेर काढायचे आणि या विषयाचे शिक्षण घेतलेल्या वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत मेंदूच्या अशा दुखापतींविषयी कायदे झाले. डॉक्टर संघाबरोबर असला तरी त्याची बांधिलकी खेळाडूशी असते, हा फेलोशिपमधला महत्त्वाचा धडा आहे.

शाळेच्या प्रत्येक मैदानाच्या कडेला असा डॉक्टर मिळणार नाही. तेथे शिक्षकच असतात. डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळले, त्याला चक्कर आली किंवा घडलेले आठवेना, तर त्या दिवशी त्याला पुन्हा खेळू न देता डॉक्टरकडे पाठवावे. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या किंवा गुंगी येऊ लागली, तर थेट रुग्णालय गाठावे. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. ‘आज नाही’ असे ठामपणे सांगणारा एक मोठा माणूस तेवढा लागतो.