जुनें पुस्तक, नवें इंजिन

माझा नातू संगणकावर खेळ रचावयास शिकत होता. पुस्तकांतील ओळी त्यानें जशाच्या तशा उतरून घेतल्या. तरी इंजिन त्या स्वीकारीना. "आजोबा, मला हें जमणार नाहीं," असें म्हणून तो उठला. दोष त्याचा नव्हता. पुस्तक ‘गोडो’ इंजिनच्या तिसऱ्या आवृत्तीवर लिहिलेलें होतें, आणि संगणकावर होती २०२३ सालीं निघालेली चौथी.

या नव्या आवृत्तींत ‘कायनेमॅटिक बॉडी’स ‘कॅरॅक्टर बॉडी’ हें नांव मिळालें. ‘यील्ड’च्या जागीं ‘अवेट’ आलें. पात्राचा वेग पूर्वीं ‘मूव्ह अँड स्लाइड’ या आज्ञेच्या कंसांत देत. आतां तो पात्राचाच गुण म्हणून आधीं नोंदवावा लागतो. वेग, टक्कर, गुरुत्वाकर्षण हीं तत्त्वें मात्र तींच राहिलीं.

म्हणून लेखकानें आवृत्तीचा आंकडा मुखपृष्ठावरच छापावा. तत्त्वांचें विवेचन आणि आज्ञांचे पाठ वेगळे ठेवावे, म्हणजे पुढें पाठ तेवढेच बदलतां येतील. नवी आवृत्ती निघतांच प्रत्येक उदाहरण स्वतः चालवून पाहावें. शिकणाऱ्यानेंही पुस्तकाशीं जुळणारेंच इंजिन घ्यावें. गोडोच्या जुन्या आवृत्त्या विनामूल्य मिळतात.

नातवास आम्हीं तिसरी आवृत्ती बसवून दिली. त्याच ओळींनीं पडद्यावरील बाहुला चालूं लागला! पुस्तक जुनें होणारच. परंतु तें कोणत्या आवृत्तीचें, हें आरंभींच सांगितलें, तर कोणी मूल स्वतःस मंद समजणार नाहीं.