जैविक इंजेक्शन : आधी क्षयाची तपासणी

आमवात, मणक्याचा दाहक संधिवात, सोरायसिस अशा विकारांवर अ‍ॅडॅलिम्युमॅब हे जैविक इंजेक्शन दिले जाते. अमेरिकेत त्यास २००२ मध्ये मान्यता मिळाली. झायडस कॅडिलाने २०१४ मध्ये त्याचे तुलनेने स्वस्त भारतीय रूप बाजारात आणले.

शरीरातील टीएनएफ हे प्रथिन सांध्यांतील दाह भडकवते. मात्र फुप्फुसात निद्रिस्त पडलेल्या क्षयजंतूंभोवतीची पेशींची तटबंदीही तेच टिकवून धरते. इंजेक्शनाने टीएनएफ निष्प्रभ झाले, की सांधे निवतात आणि तटबंदीही ढासळू शकते. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात हा धोका पुस्तकी नव्हे. म्हणून पहिल्या मात्रेपूर्वी छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू किंवा रक्ताची ‘इग्रा’ चाचणी करावीच. सुप्त संसर्ग आढळल्यास आधी प्रतिबंधक गोळ्या सुरू होतात आणि इंजेक्शन साधारण महिनाभर लांबते. दुखण्याने बेजार झालेल्या रुग्णाला हा विलंब जाचतो, हे खरे. पण तो टाळू नये.

दुसरी काळजी थंडाव्याची. औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. नाशिकहून कळवणला नेताना ते बर्फाच्या पिशवीसह थर्मास पेटीत ठेवावे, मात्र बर्फाला थेट टेकवू नये. एकदा गोठलेले औषध वितळले तरी वापरू नये. वीज बराच वेळ गेल्यास औषधविक्रेत्याला विचारूनच टोचावे.

उपचार चालू असताना ताप, लांबलेला खोकला किंवा वजनात घट दिसल्यास पुढची मात्रा घेण्याआधी डॉक्टरांना गाठावे.