शेतघरासाठी कुत्रा निवडताना : शहापूर-मुरबाडचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत शेतघर बांधले की विहीर, कुंपण आणि त्यानंतर कुत्रा, असा क्रम साधारण ठरलेला असतो. कुत्रा घेताना मात्र जातीच्या नावाचा विचार आधी होतो आणि त्याच्याकडून कोणते काम हवे याचा नंतर. वास्तविक कामे वेगवेगळी आहेत. अनोळखी माणूस आला की भुंकून सांगणे हे एक काम, शेळ्यांसोबत राहून त्यांची राखण करणे हे दुसरे आणि जनावर दिसताच पाठलाग करणे हे तिसरे. या तिन्ही कामांसाठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निरनिराळे कुत्रे निवडले. एकाच कुत्र्याकडून तिन्हींची अपेक्षा ठेवली की निराशा पदरी पडते.

पहिला मोठा गैरसमज मुधोळबद्दल आहे. उंच, सडपातळ आणि देखणा असा हा कुत्रा उत्तम राखणदार असतो, असे मानले जाते. मुधोळ हा मूळचा नजरेने शिकार हेरून तिला धावून गाठणारा शिकारी कुत्रा. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ संस्थानचे घोरपडे घराणे त्याच्या संगोपनासाठी प्रसिद्ध होते. महाराष्ट्रात लातूर, सोलापूर, सांगली भागात याच वंशाचे कुत्रे कारवान म्हणून ओळखले जातात आणि कान-शेपटीवर लांब केस असलेल्यांना पश्मी म्हणतात. केनेल क्लब ऑफ इंडिया कारवान हाउंड हे नाव वापरतो, तर कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे मुधोळ हाउंड अशी नोंद आहे. त्यामुळे कारवान आणि मुधोळ या दोन निराळ्या दुर्मिळ जाती आहेत असे सांगून दोन भाव लावणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये.

हा कुत्रा घडला तो कमी पावसाच्या, उघड्या माळरानावर. शहापूर-मुरबाडकडे भाताची खाचरे, कारवीची गच्च झुडपे आणि काटेरी तारेची कुंपणे आहेत. ससा किंवा शेजाऱ्याची कोंबडी दिसली की मुधोळ भरधाव सुटतो, मग हाकेला वळत नाही आणि तारेत शिरून पातळ कातडी फाडून घेतो. शिवाय ससा मारणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. चहूबाजूंनी उंच, पक्क्या कुंपणाची मोकळी जागा आणि रोज धावायला नेणारे माणूस असेल, तरच ही जात घ्यावी.

तमिळनाडूचा राजपालयम राखणीला खरोखर चांगला. पण पांढराशुभ्र रंग आणि गुलाबी नाक हीच शुद्धतेची खूण, या समजुतीमागे एक धोका दडलेला आहे. आतल्या कानात रंगद्रव्य नसले की पिल्लू बहिरे निपजू शकते. पिल्लाच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही अशा बेताने किल्ल्यांचा जुडगा वाजवून पाहावा. टाळी वाजवू नये, कारण टाळीची हवा अंगाला लागली तरी पिल्लू वळते आणि ऐकू येते असा भास होतो.

दुसरा गैरसमज असा की थोराड, केसाळ विदेशी कुत्रा म्हणजे भक्कम संरक्षण. कंगाल हा अनातोलियाच्या कोरड्या पठाराचा, तर कॉकेशियन शेफर्ड डोंगरातल्या थंडीचा. या तालुक्यांत वर्षाला 2,500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने ओली राहणारी दाट केसांची कातडी बुरशीला आणि खरजेला आमंत्रण देते आणि एप्रिल-मेचा उकाडा तर जिवावर बेतू शकतो. कायद्याची बाजूही आहे. व्यावसायिक पैदाशीसाठी कुत्रे आयात करण्यावर 2016 मध्ये बंदी घालण्यात आली. मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींवर निर्बंध घालण्याचे पत्रक काढले. त्यात या दोन्ही जाती होत्या. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक पुढच्याच महिन्यात रद्द ठरवले.

सर्वांत घातक समज म्हणजे मोठा कुत्रा बिबट्याला पळवून लावतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. शहापूरला लागूनच, घाटापलीकडे असलेल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला. भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव प्राण्यांचा वाटा 87 टक्के होता आणि त्यात एकट्या कुत्र्याचा 39 टक्के. म्हणजे त्या भागात कुत्रा हेच बिबट्याचे प्रमुख अन्न ठरले. तानसा अभयारण्याच्या कडेला, डोळखांब भागात किंवा माळशेजच्या पायथ्याला अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही आणि लढूही शकत नाही. त्याला रात्री पडवीत, दार लावून, नाहीतर वरून छत आणि चारही बाजूंनी जाड जाळी असलेल्या खोपटात ठेवले पाहिजे. हिमालयातले मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात. तिथल्या दणकट कुत्र्यांनाही त्याची गरज पडते, एवढे लक्षात घ्यावे. उरलेसुरले मटण किंवा मेलेल्या कोंबड्या आवाराबाहेर फेकल्या की आधी भटकी कुत्री जमतात आणि त्यांच्यामागून बिबट्या येतो.

गावठी कुत्र्याला जात नसते, हा समज तर केवळ अन्याय आहे. या हवेत माणसाशेजारी शेकडो पिढ्या टिकून घडलेला तो कुत्रा आहे. मध्यम बांधा, आखूड केस, बेताचा आहार आणि अनोळखी चाहुलीला तत्काळ भुंकणे, शेतघराला एवढेच तर हवे असते. ठाकूर-कातकरी पाड्यांवर वर्षानुवर्षे हीच कुत्री राखण करत आली आहेत. शेळ्यांसाठी हवा असेल तर पिल्लू लहान असतानाच त्यांच्या गोठ्यात वाढवावे. मोठेपणी आणलेला कुत्रा कितीही महाग असला तरी कळपाला आपला मानेलच असे नाही. देशी कुत्र्याला रोग होत नाहीत, ही मात्र चुकीची समजूत. गोचीडतापाने तोही दगावतो. पावसाळ्यात रोज कानाची घडी, बोटांमधल्या फटी आणि पट्ट्याखालचा भाग तपासावा. गोचीड अंडी घालते ती भिंतीच्या भेगांत, म्हणून औषध कुत्र्यासोबत त्याच्या खोपटालाही लागते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी द्यावी. हा रोग एकदा दिसू लागला की त्यावर इलाज नाही.

जातिवंत पिल्लूच घ्यायचे असेल, तर विक्रेत्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का, हे विचारावे. 2017 च्या नियमांनुसार ती बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहायला मागावी. ती दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये.